आज मुलाशी खेळलात का?

मुलगा दुकानातून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला, तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. उजवा हात खरकटा होता म्हणून डाव्या हातानं त्यानं मोबाईल उचलला, पडद्यावरचा प्रश्न वाचला आणि अंगठ्यानं ‘हो’वर दाबलं. शेजारी बसलेला पाच वर्षांचा नातू मान वाकडी करून बघत होता. त्याला अजून सलग वाचता येत नाही, पण प्रश्न रोज त्याच वेळी येतो, त्यामुळं काय विचारलंय ते त्याला पाठ आहे. आज मुलाशी दहा मिनिटं खेळलात का?

‘‘पण पप्पा, आपण कुठं खेळलो?’’

‘‘अरे, ते नुसतं दाबायचं असतं.’’

पडद्यावर एक पिवळं फूल उमललं. खाली आकडा आला : सलग २३ दिवस. नातवानं भाताचा घास तोंडात घातला आणि त्या दोघांपुरता विषय तिथंच संपला.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. वास्तविक मी जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेली बाई. ‘गृहपाठ झाला, वही घरी राहिली’ हे इतक्या तोंडांतून ऐकलंय की एका ‘हो’नं माझं काही बिघडायला नको होतं. मुलगा दिवसभर भट्टीपुढं उभा असतो, थकून येतो. खेळला नाही, यातही मोठं पाप नाही. पण एक प्रश्न डोक्यात अडकून बसला. तो खोटं बोलला हे खरं. पण कुणाशी बोलला?

हे घडलं ते तिरुनीलक्कुडीत. कुंभकोणमहून कारैकालकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आडुतुरैच्या जवळ हे गाव आहे. चहूकडे भातशेती. आम्ही मूळचे विट्याकडचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या दुष्काळी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा. तमिळनाडूत जिथं सराफांची पेठ आहे तिथं गल्लीच्या टोकाला एखादं तरी मराठी गलाईचं दुकान सापडतं. माझे पती १९८३ साली कुंभकोणमला आले ते तिथलेच झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला, म्हणून मुलांना घेऊन गावी राहिले. आता हे नाहीत, दुकान मुलगा बघतो, आणि कुंभकोणमपेक्षा भाडं कमी आणि अंगण मोठं म्हणून बिऱ्हाड तिरुनीलक्कुडीत.

ॲप सूनबाईनं घेतलं. पहिल्या खेपेला ती माहेरी गेली होती. दुसऱ्या वेळी थोरल्याची शाळा सुरू, म्हणून इथंच राहिली. मी येणार होते, पण माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच दिवसांत निघालं आणि मी पोहोचले तेव्हा नात वीस दिवसांची झाली होती. त्या वीस दिवसांत तिच्या हाताशी होतं काय? घरमालकीण पाट्टी, जिची भाषा हिला भाजी घेण्यापुरती कळते. रात्री भट्टीचा वास अंगावर घेऊन येणारा नवरा. आणि मोबाईल. बाळ किती वेळा दूध पितं, किती वेळा ओलं करतं, लस कधी, आईनं स्वतः काय खावं, थोरल्यानं हट्ट केला तर काय करावं, हे सगळं त्यात. मराठीतही मिळतं, पण ते मराठी असं की ‘आपल्या बालकासोबत गुणवत्तापूर्ण वेळ व्यतीत करा’. मी वाचून हसले तर सूनबाई म्हणाली, ‘‘आत्या, भाषा बघू नका, काम बघा.’’ (आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात.)

काम बघायची वेळ लगेच आली. मी गावाकडून मधाची बाटली आणली होती, आमच्या ओळखीच्या माणसानं पोळं काढलेलं. बाळाला चाटवायला बोटावर घेतला तशी सूनबाईनं माझा हात धरला. धरला म्हणजे अगदी मनगट धरलं. मग मोबाईल पुढं केला : एक वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून जंतुविष होण्याचा धोका असतो, सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको. मला राग आला. माझी तीन पोरं मधावर आणि घुटीवर वाढली होती. दुसऱ्या दिवशी लशीसाठी गेलो तेव्हा मी मुद्दाम डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तेच सांगितलं, आणि वर इतक्या सहज सांगितलं की हे जगाला ठाऊक असून मलाच नव्हतं असं वाटलं.

पाट्टीचीही हीच गत झाली होती. तिला बाळाच्या मनगटात वेखंडाच्या मण्यांचं कडं घालायचं होतं आणि वेखंड उगाळून जिभेला लावायचा होता. कड्याला परवानगी मिळाली, जिभेला नाही. संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो. एकमेकींची भाषा येत नसताना हातवाऱ्यांनी आपापलं गाऱ्हाणं सांगितलं आणि पुष्कळ हसलो. दोन राज्यांतल्या दोन म्हाताऱ्या एकाच मोबाईलनं गप्प केल्या होत्या.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे म्हणणार आहे त्याचा अर्थ ‘आमच्या वेळी बरं होतं’ असा कुणी काढू नये. मधाच्या बाबतीत मी चुकत होते आणि ते यंत्र बरोबर होतं. शिवाय ते टोमणे मारत नाही. माझ्या सासूबाईंनी मला जे शिकवलं त्यातलं अर्धं शहाणपण होतं आणि अर्धा वचपा, आणि बाळंतीण बाईला कुठलं अर्धं कुठलं हे ओळखता येत नाही. ते टाळून नुसतं शहाणपण मिळत असेल तर माझ्या सुनेनं ते का घेऊ नये? ओळखीच्या काही घरांत ॲपनंच रात्री नवरा-बायकोला वेळेवर झोपायला लावलंय, जेवताना टीव्ही बंद करायला लावलाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाच्या वर नको. ही गोष्ट आमच्या घरात पडद्यावरूनच कळली. त्यात विसंगती आहे, पण डॉक्टरही सिगारेट ओढत सिगारेट सोडायला सांगतात. सल्ला त्यामुळं खोटा ठरत नाही.

तर पुन्हा त्या ‘हो’कडे येते.

पहिलं उत्तर सोपं : कुणाशीच नाही. यंत्राला फसवलं म्हणजे दगडाला फसवलं. वजनकाट्यावर एक पाय टेकवून उभं राहिलं तर काटा दुखावत नाही. दुसरं उत्तर शिकलेली माणसं देतात, की तो स्वतःशी खोटं बोलला. हे मला नेहमीच फार गुळगुळीत वाटत आलंय. मुलाला स्वतःबद्दल कसलाही भ्रम नव्हता. आपण खेळलो नाही हे त्याला चांगलं माहीत होतं, त्यानं फक्त एक कटकट मिटवली. तिसरं उत्तर माझ्या मनात आलं ते नातवाचं तोंड आठवून. पण तेही पुरं नाही, कारण त्यालाही कुणी फसवलं नाही. उलट खरी गोष्ट त्यालाच सांगितली गेली, की हे नुसतं दाबायचं असतं.

उत्तर शोधताना मला आठवली ती निळी आंतरदेशीय पत्रं.

हे कुंभकोणमला आणि मी गावी, अशी आमच्या संसाराची पंचवीसएक वर्षं गेली. दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. आधी इकडील सर्व क्षेम, मग पैशांचा हिशेब, आणि शेवटच्या घडीवर, जिथं जागा उरलेली असे तिथं, मुलांच्या वळणाच्या सूचना. पोरं संध्याकाळी दिवेलागणीला घरात पाहिजेत. परवचा म्हणून घेत जा. थोरल्याला पहाटे उठवून अभ्यासाला बसव. दुधात पाणी घालू नकोस. मी उत्तर लिहायची : बसवते. म्हणून घेते. घालत नाही.

विचार करते तर ती पत्रं आणि हे ॲप यांत फारसा फरक नव्हता. दोन्ही लांबून, न बघता सांगतात. दोन्हींचं सांगणं बरोबर असतं. आणि दोन्हींना ‘हो’ म्हणणं फार सोपं असतं.

१९९९ साली थोरला, म्हणजे आज ज्याची मी गोष्ट सांगतेय तो, दहावीत गेला आणि त्याचं चित्त उडालं. शाळेच्या नावानं निघायचा आणि एसटी स्टँडवर बसायचा. मी त्याच गावात बाई. दुसऱ्याची पोरं माझ्याकडं शिकून पास होत होती. मी मारलं, समजावलं, रडले, काही चाललं नाही. आणि दर पंधरा दिवसांनी निळ्या पत्रावर लिहीत राहिले : पहाटे उठतो, अभ्यास बरा चाललाय. का लिहिलं? लाज हे एक कारण. ह्यांना तेजाबाच्या वाफेनं खोकला लागला होता, त्यात आणखी घोर नको, हे दुसरं. आणि तिसरं, जे मी तेव्हा स्वतःपाशीही कबूल केलं नसतं, ते असं की खरं कळलं तर हे पोराला भट्टीवर घेऊन जातील अशी भीती होती.

निकाल लागला. तीन विषय गेले. गावात किराणा दुकानात फोन होता, तिथून मी कुंभकोणमच्या शेजारच्या दुकानात निरोप ठेवला. हे चौथ्या दिवशी दारात. ओरडतील म्हणून मी पदर सावरून उभी होते. ते पाणी प्यायले, बराच वेळ उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, ‘‘तू लिहिलं असतंस तर मी आलो असतो की.’’

तेवढंच. पुढं आयुष्यभर त्यांनी तो विषय काढला नाही. मुलगा त्यांच्याबरोबर गेला आणि सोळाव्या वर्षी मुशीपुढं बसला. तो आज सुखी आहे, चार माणसांना काम देतो, हे मला कळतं. तरी ते वाक्य माझ्या आत राहिलं ते राहिलंच.

त्या रात्री तिरुनीलक्कुडीत अंथरुणावर पडल्या पडल्या मला वाटलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर ह्या वाक्यात आहे. माझं पत्रातलं खोटं हे खोटं होतं, कारण खऱ्याला काही करता आलं असतं. खरं वाचून एक माणूस रात्रीच्या गाडीत बसला असता. मी त्याला येऊ दिलं नाही. आणि मुलानं ॲपला ‘नाही’ असं खरं सांगितलं असतं तर? मी नंतर एकदा मुद्दाम दाबून बघितलं. एक ढग आला आणि खाली ओळ : काही हरकत नाही, उद्या पुन्हा प्रयत्न करा! कुणी आलं नसतं. कुणाला वाईट वाटलं नसतं. ‘काही हरकत नाही’ हे वाक्य माणूस म्हणतो तेव्हा त्याची काहीतरी हरकत असते आणि ती तो गिळतो, म्हणून त्याला किंमत आहे. इथं हरकत घ्यायलाच कुणी नाही. जिथं खऱ्यानं काही हलत नाही तिथं खोटंही खोटं उरत नाही, ते नुसतं दाबणं होतं. मुलगा बरोबरच बोलला होता.

मग वाईट कशाचं वाटलं? याचं, की विचारलेला प्रश्न पोकळ नव्हता. मुलाशी खेळलास का, हा बापाला विचारता येईल असा फार मोठा प्रश्न आहे. तो अशा जागेवरून विचारला जातोय जिथं उत्तराला वजन नाही, आणि रोज तिथंच विचारला गेल्यानं प्रश्नाचंच वजन कमी होत चाललंय. नातू मोठा होईल तेव्हा आपल्याविषयीचे प्रश्न नुसते दाबायचे असतात एवढं त्याला येत असेल.

सकाळी मी हे सगळं सूनबाईला सांगितलं. पत्रांचं नाही, बाकीचं. ती नातीला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘आत्या, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण येणारं माणूस होतं कुठं? रात्री तीनला ही निळी पडेस्तोवर रडायची तेव्हा माझ्याजवळ तेच होतं. तुम्ही नव्हता, आई नव्हती. ह्यांना उठवलं तर हेच घाबरायचे.’’ यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही. ज्याच्याकडं कुणी येणार नाही त्याला ‘येणाऱ्या माणसाला विचार’ म्हणणं म्हणजे दुष्काळात विहिरीचं पाणी गोड असतं सांगण्यासारखं आहे.

तिच्या बोलण्यानं माझ्या विचाराला एक दुरुस्तीही करावी लागली. यंत्र आणि माणूस अशी सरळ फाळणी खरी नाही. केंद्र सरकारची किलकारी नावाची सेवा आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ ध्वनिमुद्रित फोन बाईला येतात. आता ती चालवण्यात मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांच्या अरमान संस्थेचा हात आहे. त्या फोनवर बोलते ती ‘डॉक्टर अनिता’. अशी कुणी डॉक्टर नाही, ते रचलेलं पात्र आहे. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. माहिती तीच असूनही ती कुणीतरी सांगितली पाहिजे, तिला नाव पाहिजे, हे करणाऱ्यांना कळलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक पाऊल पुढं टाकलं होतं. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्या घरी जात, बाळ तोलत, श्वास मोजत. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अहवाल छापून आला तेव्हा त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. ज्ञान तिथंही बाहेरून आलेलं होतं, सासूचं नव्हतं. पण ते पायांनी चालत घरात येत होतं.

आणि इथं, तिरुनीलक्कुडीत, माझ्या डोळ्यांदेखत घडलं ते असं. अंगणवाडीत नातीचं वजन केलं. ताईनं ते आपल्या मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरलं. २०२१ पासून देशभरच्या अंगणवाड्यांत हे ॲप आहे. वजन वाढायला हवं तितकं वाढलं नव्हतं. चार दिवसांनी भर उन्हात ती बाई आमच्या अंगणात हजर. बोलावलं कुणी नव्हतं. सूनबाईला खाली बसवलं, उशी घेतली, बाळ छातीशी कसं धरायचं ते हात धरून दाखवलं. सगळं तमिळमध्ये, आणि सगळं समजलं. आकडा तिच्याही मोबाईलमध्ये होता. फरक इतकाच की तो आकडा बघून तिला चप्पल घालावी लागली. तेव्हा ॲप आहे की नाही हा प्रश्न नाही. त्याच्या पलीकडं चप्पल घालणारं कुणी आहे की नाही, हा आहे.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. करोनात पोरांच्या हातात शाळेसाठी मोबाईल आले ते नंतर सुटेनात, म्हणून २०२२ च्या ऑगस्टपासून गावात संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. सात ते साडेआठ घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी गप्पा मारायच्या. भोंगा म्हणजे काय, तेही यंत्रच. ॲपच्या सूचनेहून कर्कश. पण तो सगळ्यांना एकदम ऐकू जातो आणि शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज आला तर गावाला कळतं. मला अशा गावात राहायला आवडेल का? खरं सांगायचं तर थोडी धास्तीच वाटेल. बाई म्हणून गावाची नजर काय असते ते मी भोगलंय. फुलाचं चित्र दाखवणाऱ्या ॲपची नजर त्यापेक्षा पुष्कळ सौम्य. तरी वडगावच्या पोराला एवढं कळतं की सातला आपला बापही अडकलाय, आपण एकटे नाही.

सवयी घरात टिकतात कशा, हा प्रश्न या तंजावर मुलखात तर फारच जवळचा. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास इथं राज्य केलं, १८५५ मध्ये ते संपलं, पण त्या राज्याबरोबर आलेल्या घरांतून मराठी आजही बोलली जाते. आमची गलाईवाल्यांची मराठी इथं चाळीस-पन्नास वर्षांची, यांची साडेतीनशे वर्षांची. अशा एका घरातले वयस्क गृहस्थ आमच्या दुकानात येतात. त्यांना देवनागरी नीट वाचता येत नाही, शाळा तमिळ आणि इंग्रजीत झाली, पण घरात मराठीच. मी विचारलं, हे तुम्ही कसं जपलंत? त्यांना प्रश्नच कळेना. जपलं असं काही नाही, म्हणाले, आजी तमिळमध्ये मागितलेलं वाढायची नाही. दहा पिढ्यांत कुणी कधी विचारलं नसणार की आज मातृभाषेत दहा मिनिटं बोललात का. भूक लागलेली आणि समोर आजी, एवढंच. अर्थात किती घरांतून ती भाषा गेली याचाही हिशेब कुणाकडं नाही. जिथं टिकली तिथलीच माणसं आपल्याला भेटतात.

ओट्यावरून दिसतं ते नीलकंठेश्वराचं देऊळ. सातव्या शतकात अप्परांनी या क्षेत्रावर गायिलं आहे. समुद्रमंथनातलं विष प्यालेल्या शंकराच्या गळ्याला तेल लावायचं, म्हणून इथं पिंडीवर तेलाचा अभिषेक होतो, आणि कितीही तेल ओता, दगडात जिरून जातं, पिंडी पुन्हा कोरडी दिसते अशी इथली श्रद्धा. पाट्टी मला एकदा घेऊन गेली. मी बघत होते, खरंच किती जिरतं, खाली किती ओघळतं. मास्तरणीची खोड. पाट्टीनं माझा दंड धरून बाजूला ओढलं. मागं रांग खोळंबली होती. रोज ओतणाऱ्यांपैकी मोजायला कुणी उभं राहत नाही. मला मात्र आपली लाखोली, अकरा प्रदक्षिणा, जपमाळेचे १०८ मणी आठवत होते. मोजायची हौस काही मोबाईलनं आणलेली नाही. आणि मणी सरकवताना मन दुसरीकडं असणं, हेही नाही.

परत निघायच्या आदल्या रात्री मी मुलाला पत्रांचं सांगितलं. सूनबाई आत बाळाला निजवत होती. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, वडील गेलेले, आता सांगून काय साधणार हेही मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, ‘‘तू दहावीला होतास तेव्हा मी ह्यांना खोटं लिहीत होते. तू अभ्यास करतोस म्हणून.’’

तो मोबाईल चार्जिंगला लावत होता. म्हणाला, ‘‘ठाऊक आहे मला.’’

‘‘कसं?’’

‘‘पत्र चिकटवून पेटीत टाकायला तू माझ्याकडंच द्यायचीस की, आई. मी वाचायचो.’’

मी काही बोलले नाही. बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, ‘‘पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आता तरी बसावं अभ्यासाला. आईनं लिहिलंय म्हटल्यावर. दोन दिवस बसलो पण. मग पुढच्या पत्रातही तेच होतं. म्हटलं, मी बसलो काय न बसलो काय.’’ त्याच्या आवाजात राग नव्हता. तो उठला, दार लावलं, नातवाच्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि झोपायला गेला. त्याला आठवडाभरापूर्वीचं जेवताना दाबलेलं ‘हो’ आठवलं की नाही, मला माहीत नाही. मी आठवण करून दिली नाही. मला तो हक्क उरला नव्हता.

मी गावी येऊन दीड महिना झाला. परवा रात्री अडीचला फोन वाजला. सूनबाई होती. लस टोचल्यामुळं नातीला ताप होता. ॲपमध्ये बघितलं, किती ताप असला तर काय करायचं ते तिथं होतं, औषध डॉक्टरांनी दिलेलंच होतं, ते देऊन झालं होतं, अंगावरचे कपडे कमी केले होते, दूध पाजलं होतं. करायचं राहिलेलं असं काहीच नव्हतं. मला तर त्यातलं निम्मं ठाऊकही नव्हतं.

‘‘मग आता?’’ मी विचारलं.

‘‘आता काही नाही, आत्या. बघत बसायचं.’’

हजारएक किलोमीटरवर ती बसली, इथं मी उठून दिवा लावला. बोलायला फारसं नव्हतं. मध्ये मध्ये ती ‘आहात ना?’ विचारायची आणि मी हो म्हणायची. साडेचारच्या सुमारास तिनं सांगितलं की कपाळाला घाम आलाय.